लाल गव्हाची तार

आमच्या आजीला सन सांगता यायचा नाही. तिचा काळ गव्हावरून ठरायचा. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं जाणं, काहीही विचारलं की त्या वर्षी घरात कोणता गहू होता ते ती आधी आठवायची आणि मग बाकीचं सांगायची. बक्षी म्हणजे तिचं माहेर, इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. खपली म्हणजे नवी नवरी होऊन ती बारामतीकडं, नीरा कालव्याच्या गावात आली तो काळ. लाल गहू म्हणजे पाझर तलावाची कामं. कल्याणसोना म्हणजे धाकट्या आत्याचं लग्न. लोकवन आला तोवर तिचे हात थकले होते आणि शेवया यंत्रावर व्हायला लागल्या होत्या.

तसा हा मुलूख भाकरीचा. रोजच्या ताटात ज्वारी, पावसाळ्यात बाजरी. गहू सणाला, पाहुण्याला आणि देवाच्या नैवेद्याला. थोडा असायचा म्हणूनच तो लक्षात राहायचा. त्यातही पोळी कुठल्याही गव्हाची लाटता येते, पुरण भरलं की आतलं झाकून जातं. शेवईत काही झाकता येत नाही. बारीक तार ओढायला घेतली की गहू कोणता, कुठल्या रानातला, त्याला पाणी किती मिळालं, सगळं हाताला कळतं. आजीच्या पिढीच्या बायकांना पिकांची माहिती होती ती अशी, तळहातातून आलेली.

बक्षी आणि खपली या दोन गव्हांत दोन तालुक्यांचा सगळा इतिहास आहे, असं मला हळूहळू उमगत गेलं. बारामती आणि इंदापूर दोन्ही पर्जन्यछायेतले. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. दक्षिणेकडून नीरा, उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमा, आणि इंदापूरच्या अगदी टोकाला नरसिंहपुरात दोघींचा संगम. नदीकाठी काळं, खोल रान. पावसाळ्यात रानाला पाणी पाजून ठेवायचं काम आभाळाचं, आणि मग रब्बीत त्या मुरलेल्या ओलीवर बक्षी यायचा. कोरडवाहू बन्सी जातीचा हा गहू, दाणा कडक, पिवळसर, दाताखाली फोडला तर काचेसारखा चकाकणारा. पोळीला जरा रुक्ष, पण रवा असा निघायचा की आजी माहेरच्या रव्याचं नाव काढताना बोटं चोळून दाखवायची.

खपलीचं तंत्र वेगळं. ती पाण्यावरची. आमच्या गावात पाणी आलं ते दुष्काळाच्या पोटी. १८७६-७७ च्या दुष्काळात या भागात माणसं आणि जनावरं सारखीच मेली. त्या दुष्काळी कामांतून नीरा डावा कालवा आकाराला आला. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचं धरण, वीरजवळ बंधारा, आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर अशी कालव्याची वाट. १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. आजीचे आजेसासरे कालव्याच्या खोदाईवर होते असं घरात सांगत. त्यांनी सांगितलेलं आजीच्या सासूनं ऐकलं, सासूनं सांगितलेलं आजीनं, आणि आजीनं सांगितलेलं आम्ही. त्यात एक गोष्ट नेहमी यायची. कालव्याला पाणी आलं तरी पहिली काही वर्षं लोक ते घ्यायलाच तयार नसत. पाणीपट्टी भरायची आणि त्याच वर्षी पाऊस चांगला झाला तर पैसा वाया गेला, असा हिशेब. पुढं मी कालव्याबद्दल वाचलं तेव्हा तिथंही हेच दिसलं. सुरुवातीची कित्येक वर्षं दख्खनच्या कालव्यांचं पाणी पुरतं उचललं जात नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. शेतकऱ्याला काही वर्षांची पाण्याची हमी, आणि त्या बदल्यात ठरावीक तुकड्यातच ऊस, बाकी रानात हंगामी पिकं. त्या हंगामी पिकांच्या तुकड्यात आमच्याकडं खपली उभी राहिली आणि शेजारच्या तुकड्यात ऊस. ऊस होता म्हणून गुऱ्हाळ होतं, गुऱ्हाळ होतं म्हणून गूळ. उकडलेल्या शेवया आणि वर गुळवणी, हे आमच्या बागायतातलं पाहुण्याचं जेवण कालव्यानं घडवलेलं आहे.

खपलीचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं. मळणी केली तरी दाणा सुटत नाही, जोडीजोडीनं टरफलातच राहतो. म्हणून काही भागांत तिला जोड गहू म्हणतात. तिला पाण्याचा हबका मारून उखळात कांडावं लागतं, मग पाखडावं लागतं, आणि मग कुठं लालसर लांबट दाणा हाती येतो. "खपली दोनदा घाम काढती, पिकवताना गड्याचा आन् कांडताना बाईचा," असं आजी म्हणायची. कांडपाच्या मुसळाचे घट्टे तिच्या तळव्यांवर शेवटपर्यंत होते.

पुढचं काम चैत्र-वैशाखातलं. गहू ओलवून फडक्यात बांधून मुरत ठेवायचे, जरा सुकले की जात्यावर दळायचे, चाळणीनं रवा वेगळा, कोंडा वेगळा, आणि उरलेलं सपीट जुन्या पातळ लुगड्यातून वस्त्रगाळ करायचं. रवा आणि सपिटाचं प्रमाण प्रत्येक घरचं निराळं आणि ते कुणी कुणाला सांगायचं नाही. पीठ घट्ट मळून झाकून ठेवायचं, मग तिंबायचं. तिंबणं ही खरी मेहनत. दगडी पाट्यावर पीठ ठेवून मुसळानं हाणायचं, दुमडायचं, परत हाणायचं. बोट दाबलं की खळगा आपोआप भरून यायला लागला म्हणजे पीठ तयार. शास्त्राच्या भाषेत गव्हातल्या प्रथिनांची जाळी नीट बांधली गेली. आजीच्या भाषेत "पिठाला जीव आला".

मग पाट. हातभर रुंद, माणसाच्या अर्ध्या उंचीचा लाकडी पाट, एका टोकाखाली वाकळांची चळत लावून उतरता केलेला. वरच्या टोकाला हातखंडा असलेली बाई. ती तेलाच्या हातानं पिठाचा गोळा पाटावर धरायची आणि तळव्यानं खाली ढकलत तार काढायची. खालच्या टोकाला एखादी पोर किंवा नवी सून. तिनं तार झेलायची, न तुटू देता ओढून आणखी बारीक करायची आणि काठीवर घ्यायची. काठ्या दोन बाजांच्या मध्ये टेकवलेल्या. दुपारच्या झळा त्या तारांना लागू नयेत म्हणून हे काम पहाटे सुरू व्हायचं. वारं सुटलं की थांबायचं.

एका घरच्या बायकांनी हे काम उरकत नसे. म्हणून सावड. आज आमच्या अंगणात, उद्या शेजारणीच्या, परवा वाड्याच्या मागच्या घरात. कुणी पैसे द्यायचे नाहीत, कुणी मागायचे नाहीत. जिनं चार दिवस दिले तिला चार दिवस परत मिळायचे, आणि विधवेच्या किंवा बाळंतिणीच्या घरचं काम न मोजता व्हायचं. बारामती-इंदापूरचा सहकार म्हटला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, असे कारखाने लोकांच्या डोळ्यांपुढे येतात आणि त्यांच्या संस्थापकांचे पुतळे. ते योग्यच आहे. पण अंगणातल्या या सावडीला मी त्याच इतिहासाचं आधीचं पान मानतो. भागभांडवल होतं श्रमाचं, लाभांश शेवयांचा, आणि हिशेब कुणाच्या वहीत नसताना कधी चुकला नाही.

लग्नघरात शेवयांच्या बरोबरीनं गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे व्हायचे. पाच सवाष्णींनी मुहूर्त करायचा आणि बाकी गल्लीनं वळायला बसायचं. आमच्या शेजारी आत्तारांचं घर होतं. त्यांची ईद कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. आजी उन्हाळ्यातच त्यांच्या वाट्याच्या हातशेवया डब्यात भरून ठेवायची, आणि ईदेला शीरखुर्म्याचा गंज आमच्याकडं यायचा. दोन्ही घरांच्या सावडीत हे देणंघेणं धरलेलं असे.

आता लाल गव्हाचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

साठीच्या दशकाच्या मध्यापासून आमच्याकडं पावसानं हात आखडता घेतला. बारामतीचा निम्मा तालुका जिरायत पट्ट्यातला. कालव्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना पाणी दिसायचं, पण ते रानात चढायचं नाही. इंदापुरात त्याहून बिकट. त्या काळात पाझर तलावांची कामं सुरू झाली. तांदूळवाडीसारख्या गावांत ओढे अडवून मातीचे बांध घातले गेले. चर्चच्या मदतकार्यातल्या कासा या संस्थेकडून कामाच्या मोबदल्यात धान्य मिळायचं. त्या धान्यात गहू होता आणि गव्हाबरोबर तेल. पुढं १९७१ मध्ये बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हीच कामं होती. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि सगळा महाराष्ट्रच कामावर गेला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, बांध घालायचा, रस्त्यावर मुरूम टाकायचा. पोरांना सुकडी. रेशनवर लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता मोडायची.

अमेरिकेहून आलेल्या गव्हाला आमच्याकडं लाल गहू म्हणत. अमेरिकेनं १९५४ मध्ये जो कायदा केला, पीएल-४८० या नावानं तो आपल्याकडं ओळखीचा झाला, त्याखाली जहाजांमागून जहाजं गहू घेऊन मुंबईला लागत होती. आजी, थोरली आत्या आणि माझी चुलती तिघी तलावाच्या बांधावर पाट्या वाहायच्या आणि आठवड्याला डोक्यावर गहू आणि हातात तेलाचा डबा घेऊन घरी यायच्या. थोरली आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे. तिनं मला हे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. "पैल्या वर्षी आईनं त्या गव्हाच्या शेवया केल्या. म्या म्हनलं, आगं आई, खायाला न्हाय आन् शेवया कशाला? ती म्हनली, वैशाखात पाट मोकळा ठिवायचा न्हाय. सावडीच्या बायका आल्या. तार लई लांब यायची, तुटायची न्हाय, आमाला नवल वाटलं. पर शिजवली का समदा गोळा. गुळवणी कुठली, गूळच न्हाय. दूध कुठलं, जनावरं चारा-छावनीला. मग आईनं तेल काढलं."

आजीनं काय केलं ते आत्यानं मला करून दाखवलं. लोखंडी तव्यात तेल तापवून कोरड्या शेवया आधी त्यात परतायच्या, सोनेरी होईपर्यंत. प्रत्येक तारेला तेलाचा हात लागला पाहिजे. मग उकळत्या पाण्यातून झटकन काढून निथळायच्या. त्याच तव्यात मोहरी, हिरवी मिरची, असेल तर कांदा, असतील तर शेंगदाणे, आणि वर त्या शेवया. तार सुटी राहायची. आधी लागलेल्या तेलामुळं पिठूळपणा आतच अडकून राहतो आणि तारा एकमेकींना चिकटत नाहीत. आमच्या घरात फोडणीच्या शेवया अशा आल्या. दुधाच्या आणि गुळाच्या पदार्थाला दूध-गूळ मिळेना, आणि मजुरीत गहू-तेल मिळालं, तेव्हा गोडाचं तिखट झालं. घराघरांत याच्या वेगळ्या हकिगती असतील. तिखट शेवया त्याआधीही कुठं कुठं होत असतील. पण आमच्या अंगणात हा पदार्थ तलावाच्या मातीतून वर आला, आणि तो तीन थकलेल्या बायकांनी केला, हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

याच गव्हानं जगाच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ हेच घडवलं. माझी भाची नोकरीनिमित्त जपानात, नागोयाजवळ राहते. तिथल्या उन्हाळी जत्रेतला एक व्हिडिओ तिनं आत्याला पाठवला. लांबरुंद लोखंडी तव्यावर एक बाई दोन उलथन्यांनी शेवया परततेय, त्यात कोबी, मोड आलेली कडधान्यं, मांसाचे तुकडे, वरून काळसर आंबट-गोड सॉस आणि चिमूटभर हिरवी वाळवलेली समुद्रवनस्पती. याकिसोबा. आत्यानं तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि म्हणाली, "ही बाई तेल आधी लावती का मागनं?"

प्रश्न अगदी नेमका होता. याकिसोबाची शेवई आधी वाफवलेली आणि तेल लावलेली असते, म्हणून तव्यावर सुटी राहते. पीठ पोळीच्याच गव्हाचं, पण त्यात कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी पडतं. आपल्या पापडखाराच्या कुळातलंच ते. त्यानं शेवईला पिवळी झाक आणि ताण येतो. चिनी पद्धतीच्या परतलेल्या शेवया जपानात युद्धाआधीच पोचल्या होत्या, पण घरोघरी आणि गल्लोगल्ली गेल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. भाताचा देश, आणि भात नाही. शहरं जळालेली. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या पिठावर माणसं जगत होती. बाजारांच्या कडेला हातगाड्या लागल्या, लोखंडी तवे तापले, पिठाच्या शेवया आणि कोबी परतून लोक भूक भागवू लागले. मोमोफुकु आंदो यांची गोष्ट त्याच काळातली. सरकार लोकांना अमेरिकी पिठाचा पाव खायला सांगत होतं, तेव्हा त्यांनी विचारलं की आमच्या लोकांच्या सवयीच्या शेवया का नकोत? पुढं १९५८ मध्ये त्यांनी शेवया तेलात तळून वाळवायची युक्ती काढली. तळताना पाणी निघून जातं, तारेत बारीक छिद्रं राहतात आणि गरम पाणी ओतलं की ती लगेच फुलते. झटपट नूडल्सचा सारा जागतिक व्यापार त्या तळणीतून निघाला. १९६३ मध्ये त्यांच्या निस्सिन कंपनीनं पाकिटातला याकिसोबाही आणला.

फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिनोमिया नावाचं गाव आहे. तिथला याकिसोबा जपानभर प्रसिद्ध आहे तो तारेच्या चिवटपणासाठी. २००६ मध्ये गावोगावच्या साध्या खाण्यांची जी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तिच्यात पहिला नंबर याच गावानं मिळवला. लग्नात न वाढला जाणारा, राजदरबाराशी नातं नसलेला, गाडीवरचा हा पदार्थ त्या गावानं अभिमानानं पुढं केला, त्याची हकिगत लिहून ठेवली, नकाशे छापले. हे वाचताना मला आमचा तवा दिसत होता. दोन्हीकडं परका गहू, भुकेचा काळ, आणि जुन्या सवयीच्या तारेनं त्या गव्हाला आपलंसं करून घेणं. त्यांच्याकडं याची नोंद झाली. आमच्याकडं दुष्काळाच्या अहवालांत किती पाझर तलाव झाले, किती घनमीटर माती पडली हे सापडतं. त्या मजुरीच्या गव्हाचं घरी जाऊन काय झालं हे कुठं लिहिलेलं नाही.

आजीच्या माहेरचा बक्षी पाझर तलावांच्या त्याच काळात संपला. उजनी धरणाचं काम १९६६ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. भीमेच्या काठची काळी रानं यशवंतसागराच्या पोटात गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं, आणि वर्तमानपत्रांतून त्याचे फोटो येतात. देवळाभोवतीची रानं कुणाच्या फोटोत येत नाहीत. आजीच्या भावांना मोबदला मिळाला, दुसरीकडं जमीन मिळाली, ती माळाची. बियाण्याचा बक्षी त्यांनी एक-दोन हंगाम पेरून पाहिला. माळावर त्याला ओल पुरेना. आज भिगवण-कुंभारगावला रोहित बघायला लांबून लोक येतात, मीही जातो, आणि मासेमारीवर शेकडो कुटुंबं जगतात. धरणानं सोलापूरपर्यंतची रानं भिजवली. तरी आजी उजनीच्या पाण्याकडं पाहताना ज्या शब्दांत बोलायची ते तिचेच राहू द्यावेत. "हितं खाली शेवयाचा गहू हाय."

आमच्याकडं कालव्यावर खपलीही टिकली नाही. ऊस वाढला. १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंदनगर वसलं, पुढं सहकारी कारखाने आले आणि उसाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. जास्त पाण्यानं काही रानं चोपण झाली, क्षार फुटून पांढरी पडली. उरलेल्या गव्हाच्या तुकड्यात आधी कल्याणसोना आणि सोनालिका, मग गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला लोकवन. बुटकी, भरघोस उताऱ्याची वाणं. पोटभर पोळी त्यांनी दिली आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पाट मात्र माळ्यावर गेला. पितळी यंत्र बाजेच्या माचव्याला आवळून मुठीनं फिरवायची पद्धत आली, आणि मग गिरणीतच शेवया करून मिळू लागल्या. सावड मोडली ती इथं. गिरणीवाल्याला पैसे द्यायचे असतात, शेजारणीला दिवस द्यायचा नसतो.

१९८३ मध्ये मॅगी आली. बारामतीत शिक्षणसंस्था वाढल्या, एमआयडीसीत कारखाने आले, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली, आणि भिगवण चौकाच्या बाजूला संध्याकाळी चायनीजच्या गाड्या लागायला लागल्या. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मंचुरियन केलं म्हणतात. त्याची भावंडं पाच-दहा वर्षांत आमच्या तालुक्याच्या ठिकाणी पोचली. मोठ्या आचेवर कढई, उभा चिरलेला कोबी, सोया सॉस, आणि तेलाचा हात लावून सुट्या केलेल्या हक्का नूडल्स. या गाड्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. मी तिथल्या एका पोराला विचारलं की नूडल्स चिकटू नयेत म्हणून काय करतोस. त्यानं सांगितलं, उकडल्या की गार पाणी आणि लगेच तेल. तो इंदापूरच्या जिरायत भागातला होता. त्याच्या आजीनं खडी फोडली होती.

गव्हाच्या बाजूनं थोडं चांगलंही घडलं. बारामती तालुक्यात होळ इथं आघारकर संशोधन संस्थेचं प्रक्षेत्र आहे. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेली ही संस्था कित्येक वर्षं गव्हावर काम करते आहे. शेवया, रवा आणि पास्त्याला लागणाऱ्या बन्सी गव्हाची एमएसीएस ३१२५ आणि एमएसीएस ४०२८ ही वाणं तिथलीच. खपलीचंही एक बुटकं वाण तिथं तयार झालं, एमएसीएस २९७१. जुनी खपली उंच वाढायची आणि वाऱ्यानं लोळायची, ही उभी राहते. आजीला हे कळलं असतं तर ती म्हातारपणी होळला गेली असती.

खपलीची आणखी एक हकिगत मी तिच्या हयातीत ऐकायला हवी होती. अमेरिकेत मिनेसोटामध्ये एल्विन स्टॅकमन यांनी गव्हाच्या खोडावरच्या तांबेरा रोगाचे निरनिराळे प्रकार ओळखण्यासाठी १९२० च्या दशकात गव्हाच्या बारा वाणांचा एक संच ठरवला. रोगाचा नमुना या बारांवर टाकायचा आणि कोण बळी पडतं, कोण टिकतं यावरून रोगाची जात ओळखायची. जगभरच्या प्रयोगशाळांत दशकानुदशकं तो संच वापरला गेला. त्यातल्या एका वाणाचं नाव खपली. आपल्याकडचं हे नाव तिकडं तसंच्या तसं रूढ झालं, कारण तांबेऱ्याच्या बहुतेक प्रकारांपुढं ती टिकायची. तिच्यातले रोगप्रतिकारक जनुक पुढं गव्हाच्या दुसऱ्या वाणांत घेतले गेले. आमच्या पाझर तलावावर अमेरिकेचा गहू उतरला त्याच्या कितीतरी आधी दख्खनची खपली तिकडच्या गव्हाच्या उपयोगी पडायला गेली होती. लाल गव्हाच्या पोत्यासमोर ओशाळं होऊन उभ्या राहणाऱ्या त्या तिघींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या चुलतभावानं गेल्या काही हंगामांपासून उसाच्या खोडव्यानंतर एका तुकड्यात खपली घ्यायला सुरुवात केली आहे. टरफल काढायला आता यंत्र मिळतं. त्याच्या बायकोनं गटातल्या बायकांना घेऊन शेवया करायला घेतल्या. पुण्यात बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानच्या पुढाकारानं भीमथडी जत्रा भरते, तिथं अशा गटांचा माल जातो. खपलीच्या शेवयांना मागणी आहे, लोक साखरेच्या आजारासाठी विचारत येतात. वहिनी त्यांना आजाराबद्दल काही खात्री देत नाही. ती फक्त सांगते की शिजायला वेळ लागेल आणि गोळा होणार नाही. पाट मात्र तिनं माळ्यावरून काढला नाही, शेवया यंत्रावरच होतात. मी त्यावरून तिला बोलू लागलो तेव्हा आत्यानंच मला गप्प केलं. "तू बसनार हायस का खालच्या टोकाला, तार झेलाया?"

भाचीला यंदा त्यातल्या शेवया पाठवल्या. तिनं नागोयात त्यांचा याकिसोबा करून पाहायचा ठरवला आणि आत्याला व्हिडिओवर घेतलं. आत्यानं चष्मा लावला, भाचीचा तवा नीट दिसतोय ना ते पाहिलं आणि सुरुवातीलाच तिला थांबवलं. कोबी अजून घालायचा नाही, कोबीला पाणी सुटतं. आधी कोरड्या शेवया तेलात. आच मोठी ठेव. हलवत राहा, रंग बदलू दे. भाची म्हणाली की इथली सगळी पाककृती उलटी आहे, इथं शेवया शेवटी पडतात. आत्या म्हणाली, "तिथल्या त्यांच्या शेवयांला तसं. ही खपली हाय. हिला आदी त्याल."